राळेचं विरजण

आमच्या अकोल्याच्या घरात दही आणि राळ एकाच फळीवर लागायची. फळीच्या डाव्या टोकाला दह्याचं गाडगं, उजव्या टोकाला रंगीत राळेनं भरलेली बांबूची पेरं, आणि मधे सासऱ्यांनी खडूनं ओढलेली जाड रेघ. इकडची वाटी तिकडे गेली तर आख्खं घर दवाखान्यात भरती होईल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला फार अभिमानानं सांगायचे. पाहुणे ताक नको म्हणायचे. मला त्याचं काही वाटत नसे, तेवढंच घुसळणं वाचायचं.

मी अमरावतीची, फुलवाल्यांच्या घरातली. शहराबाहेर आमचा झेंडू-शेवंतीचा मळा होता आणि आई बाजारात हारांच्या टोपल्या घेऊन बसायची. कोणता झेंडू सकाळी तोडलेला आणि कोणता कालचा पाणी मारून बसवलेला, हे मी लांबून सांगत असे. लग्न करून अकोल्याला आले तेव्हा माझ्यापाशी हुंडा म्हणून सांगण्यासारखं हे एवढंच होतं, डोळे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींचे भाऊबंद भाजीपाला पिकवणारे. हे मात्र तरुणपणी एका लाकडाच्या वखारीत कामाला लागले आणि खराद शिकले. लाकूड दोन टोकांत धरून गरगर फिरवायचं, त्याला पटाशी लावायची आणि चौकोनी दांडक्यातून गोल, नाजूक, कमरेत बारीक अशा वस्तू काढायच्या. पलंगाचे पाय, लाटणी, रवीच्या मुठी, भोवरे, आणि सगळ्यात जास्त पाळणे. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या की ह्या माणसानं आख्ख्या अकोल्याची लेकरं झोपवली, माझी झोप तेवढी उडवली. माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या गेल्या. घरात उरलो तिघं. मामाजी, बस डेपोत नोकरी करणारे माझे यजमान, ज्यांना मी ‘हे’ म्हणते, आणि मी. मुलंबाळं अजून व्हायची होती.

पाळण्याला तेव्हा लाखेचा रंग असे. लाकूड फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्याला टेकवायची. घासून घासून लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानानं घोटलं की तोंड दिसावं अशी चकाकी. मामाजींची सगळी हयात ह्या लाखेत गेली होती. त्यामुळे एकोणीसशे साठ साल ओलांडून चार-पाच वर्षं झाल्यावर आमच्या घरात जेव्हा मुंबईचा डबा आला, तेव्हा मला वाटलं बुढा त्याला दाराबाहेर ठेवेल. झालं उलटंच. त्या वयात ते त्या डब्याच्या प्रेमात पडले.

डबा पाठवला होता ह्यांच्या एका दोस्तानं. तो मुंबईला होड्या बनवायच्या कारखान्यात होता. डब्यात मधासारखा दाट, वास नाकात झोंबणारा पदार्थ होता. त्याचं इंग्रजी नाव आम्ही एकदा वाचलं आणि सोडून दिलं. मामाजींनी त्याला राळ म्हटलं, ते कायम झालं. सोबत एक लहानशी बाटली. त्या बाटलीतले थोडे थेंब डब्यातल्या राळेत टाकून ढवळायचं, साच्यात ओतायचं आणि वाट पाहायची. पातळ पदार्थ काचेसारखा कडक होतो. मग ती कांडी खरादावर चढवा, लाकडासारखी कापा. त्यातून उजेड आरपार येतो. बस, मामाजींना एवढंच ऐकू आलं, की उजेड आरपार येतो. लाकडातून कधी आला होता?

पहिली खेप आम्ही मे महिन्यात लावली. डब्यावरचा कागद ज्यानं कोणी लिहिला, त्यानं मुंबईची हवा धरून थेंब सांगितले असावेत. अकोल्याचा मे त्या बिचाऱ्यानं पाहिला नव्हता. ह्यांनी कागद वाचला, मामाजींनी थेंब टाकले, मी ढवळलं, आणि ओतायला जायच्या आत भांडं माझ्या हातात तापायला लागलं. पाहता पाहता धूर. मग कडाडकन आवाज करून भांड्यातला गोळा मधोमध फुटला. शेजारीण घागर घेऊन धावत आली आणि विचारायच्या आधी तिनं ती ओतली. राळेवर नाही, ह्यांच्यावर. हे डेपोचे कपडे घालून तयार उभे होते.

मामाजी त्या फुटक्या गोळ्याजवळ उकिडवे बसले होते. बराच वेळ त्यांनी तो वास घेत घेत पाहिला. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “बाई, हे तं आंबून गेलं. उन्हाळ्यात दह्याले विरजण किती लावतं तू?”

मी म्हटलं, बोटाला लागेल एवढं.

“अन् हिवाळ्यात?”

हिवाळ्यात चमचाभर, आणि गाडगं चुलीजवळ.

“मंग झालं,” म्हणाले. त्या दिवसापासून बाटलीचं नाव विरजण. आणि गंमत म्हणजे हिशेब जुळला. उन्हाळ्यात आम्ही भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, ओल्या वाळूत पेरं रोवून, नखभर विरजणात राळ लावायचो. हिवाळ्यात विरजण वाढवायचं आणि पेरं सरकीच्या ढिगात पुरून वरून गोधडी. अकोल्यात सरकीला काय तोटा. आंब्याची आढी घालतात तशी राळेची आढी. दोन-तीन दिवसांनी पेर उकलायचं, पेराला आतून लावलेल्या मेणाचा थर पुसायचा आणि नख मारून पाहायचं. नख घसरलं तर पिकली. रुतलं तर परत सरकीत.

रंग माझ्याकडे होता. ह्याला कारण मामाजींचं पहिलं कुंकू. त्यांनी हौसेनं कुंकू टाकून लालभडक कांडी लावली, आणि पिकल्यावर ती निघाली उन्हात वाळलेल्या गेरूसारखी. विरजणानं रंग खाल्ला होता. हळद फिकी पडली. नीळ दमट निघाली आणि कांडीत बुडबुडे आले. मी मग एकेक रंग ताटलीत थोड्या राळेत लावून पाहायला लागले. नीळ आधी तव्यावर शेकून घ्यायची, पाटीवाल्या पेंटरकडचा तेलरंग टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच घ्यायचा, चांदीची पूड टाकली तर एकदाच ढवळायचं म्हणजे ढगासारखी पसरते. शेवंतीचा पिवळा मला जमला, कण्हेरीचा गुलाबी जमला, गोकर्णाचा निळा तर असा जमला की मी ती कांडी चार दिवस मामाजींना कापूच दिली नाही. उशीखाली घेऊन झोपले. ह्यांनी विचारलं की आता लाटणं जवळ घेऊन झोपायची वेळ आली काय माझी.

“रंग तुहा, विरजण माहं,” असं मामाजींनी ठरवून टाकलं होतं. बाटलीला दोघांनी हात लावायचा नाही, फक्त त्यांनी. त्यात शहाणपण होतं. रंग घातलेल्या राळेत विरजण पडलं की नाही पडलं, हे डोळ्यांना कळत नाही. वासानं कळत नाही. दही जसं सकाळीच कळतं, तसं. एकदा पडलेलं परत पडलं तर मे महिन्यासारखा तमाशा. म्हणून एकाच माणसाचा हात.

ती दोन-तीन वर्षं आमच्या घरात रंगपंचमी होती. कांडी कापताना लाकडाचा भुसा निघतो, राळेच्या मात्र लांबच लांब फिती सुटतात. खरादाखाली गुलाबी-निळ्या फितींचा ढीग पडायचा. मी त्या वेणीत माळून पाणी भरायला जायचे आणि बायांना सांगायचे की ही अमरावतीची नवी फुलं आहेत, सुकत नाहीत. दोघीतिघींनी बी मागितलं. मी देईन म्हटलं. मामाजींच्या पाळण्यांना आता राळेच्या मुठी आणि लट्टू असत. खिडकीशी पाळणा टांगला की भिंतीवर रंगाचे ठिपके हलायचे. दर्यापूर, चांदूर बाजार, कुठून कुठून माणसं बसच्या टपावर पाळणे चढवून न्यायची. मामाजी खरादावर बसत ते एखाद्या नटासारखे, आधी बाह्या वर करणार, मग पटाशीला अंगठा लावून पाहणार, मग समोर कोणी बघायला आहे ना याची खात्री करणार. कोणी नसलं तर मला चुलीपासून उठवायचे. मी पदर सावरून समोर बसायचे आणि तोंडात बोट घालायचे. दोघांनाही माहीत होतं की हे नाटक आहे. दोघांनाही ते आवडायचं.

मग एका हिवाळ्यात पेर उकललं आणि राळ हातावर सांडली. चार दिवस सरकीत राहूनही मधासारखी पातळ.

मामाजी म्हणाले डबा शिळा आहे. पुढच्या खेपेला म्हणाले थंडी फार आहे. त्याच्या पुढच्या खेपेला पेरं उचलून मागच्या अंगणात उलटी करून आले. मला तिसऱ्या खेपेला कळलं, कारण मी चुलीपाशी बसून पाहत होते. त्यांनी बाटली उचलली, बूच काढलं, वास घेतला, बूच लावलं, बाटली ठेवली आणि ढवळायला लागले. थेंब पडलाच नव्हता. त्यांच्या मनात मात्र पडला होता. मी भाबडेपणानं विचारलं, मामाजी, विरजण लावलं ना? तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. रागानं नाही. अनोळखी गावात रस्ता विचारायची लाज वाटावी, तसं. त्यानंतर मी ते कधी विचारलं नाही.

बाकीच्या गोष्टीही मग दिसायला लागल्या. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. एकदा विचारलं की तुही सासू माहेरून कवा येणार आहे. मी म्हटलं, येतील. काय म्हणणार होते?

ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा हे माझ्याशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलले. खराद आता मोटरवर चालत होता. फिरत्या लाकडाला धारदार पटाशी लावायची असते. आज विरजण विसरले, उद्या हात कुठं आहे तेच विसरतील. ह्यांचं म्हणणं होतं की पुन्हा एखादी खेप वाया गेली की समजायचं, वेळ आली, आणि मोटर काढून टाकायची. मी म्हटलं, खरादावर हात चुकत नाहीत त्यांचे. खरंच चुकत नव्हते. डोक्यानं सोडून दिलेलं हातांनी धरून ठेवलं होतं. फक्त तो एक थेंब हातांना माहीत नव्हता, कारण बाटली नवी होती आणि हात जुने.

“मोटर काढली तं काय करतीन ते दिवसभर?” मी विचारलं.

हे म्हणाले, “ओट्यावर बसतीन. सगळेच बसते.”

आमच्या गल्लीतल्या ओट्यांवर तशी माणसं बसलेली मी रोज बघत होते. माश्या हाकलायची आणि जेवायला हाक मारली की उठायची. मामाजींना मी तिथं बसू देणार नव्हते. म्हणजे खेप वाया जाऊ देऊन चालणार नव्हतं. म्हणजे त्यांनी विरजण टाकलं नाही तर कोणीतरी टाकायला हवं होतं, आणि ते त्यांना कळायला नको होतं.

तर आता माझं नाटक सुरू झालं, आणि मी सांगते, मी ते झकास केलं. मामाजी राळ ढवळायला बसले की मी चुलीवरून तिरक्या डोळ्यानं बाटलीवर नजर ठेवायचे. थेंब पडला तर ठीक, मी भाकरी थापत राहायचे. नाही पडला, तर मी मागच्या दाराकडे पाहून म्हणायचे, मामाजी, मांजर आलं वाटतं दुधापाशी. मामाजी काठी घेऊन मागच्या अंगणात. तेवढ्यात मी फळीवरची खडूची रेघ ओलांडायचे, बाटली, थेंब, दोन वेळा ढवळणं, परत चुलीपाशी. मांजर अर्थातच नव्हतं. पण त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक मांजर राहत होतं असं समजा, कारण काही दिवसांनी मामाजी त्याच्यासाठी पितळीत दूध ठेवायला लागले. ते म्हणायचे, चोरून पिते बिचारं, समोर ठेवलं तं कायले चोरीन. मग दूध संपायला तर हवं ना. मी पिऊन टाकायचे. अंगानं जरा भरले त्या हिवाळ्यात. शेजारणीनं विचारलं, काही बातमी आहे का?

शेजारणीला मामाजींनी मांजराचा रंगही सांगितला होता. करडं, कानाशी पांढरं.

कांड्या पिकायला लागल्या. नख घसरायला लागलं. ह्यांनी मोटरचं नाव काढणं सोडलं. मामाजींची छाती परत पुढे आली. एक दिवस गोकर्णाच्या निळ्याची कांडी खरादावर चढवून, फिती उडवत, समोर बसवलेल्या मला म्हणाले, “पाय बाई. डबा शिळा होता. हात नाही.” मी तोंडात बोट घातलं. त्या दिवशी ते नाटक नव्हतं, बोट चावून धरावं लागलं.

शिमग्याच्या तोंडाशी अमरावतीहून निरोप आला की माझ्या भावाला मुलगी झाली. आमच्या माहेरची पहिली नात. मामाजी म्हणाले, पाळणा आपल्याकडून. आणि त्याला पळसाच्या फुलाचा रंग पाहिजे. मला तो रंग कधी जमला नव्हता. झेंडूकडे जायचा नाहीतर विटेकडे. पळसात केशरी असतं, पण खाली कुठेतरी लाल जळत असतं. मी आठ-पंधरा दिवस ताटल्या लावत होते. मामाजी रोज बाहेरून एक पळसाचं फूल आणून माझ्या ताटलीशेजारी ठेवायचे आणि मान हलवायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी फूल ठेवलं, ताटलीकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं आणि ते फूल उचलून स्वतःच्या कानावर खोवलं. जमलं होतं.

त्याच दिवशी राळ लावायची ठरली. ऊन तापायला लागलं होतं, म्हणून लौकर बसलो. मी रंग घालून भांडं त्यांच्यापुढे ठेवलं आणि चुलीशी आले. एवढ्यात हे दारात हाका मारायला लागले, डेपोत जाताना जेवणाचा डबा विसरला म्हणून परत आले होते. मी डबा दिला, हे काहीतरी बोलले, मी काहीतरी बोलले. परत आले तर मामाजी भांड्यासमोर बसलेले, काडी हातात, ढवळणं थांबलेलं, नजर भिंतीवर. बाटली बूच लावून जागेवर. बाटलीकडे पाहून कळेना. त्यांच्याकडे पाहिलं तर ते इथं नव्हतेच. ती नजर मला आता चांगली ओळखीची झाली होती. ती नजर असली की थेंब पडलेला नसायचा.

विचारता आलं असतं. पण विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मी म्हटलं, मामाजी, मांजर.

ते उठले. काठी न घेताच गेले, हे मला नंतर आठवलं. मी रेघ ओलांडली, थेंब टाकले, ढवळलं. दुसऱ्यांदा काडी फिरवताना ती जड लागली. भांड्याला हात लावला तर ऊन. मी हात मागे घेतला आणि उभी राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं. पळसाचा रंग आधी काळसर लाल झाला, मग जळक्या गुळासारखा. धूर निघाला. गोळा कडाडला. मामाजी मागच्या दारात उभे होते.

ते जवळ येऊन पूर्वीसारखेच उकिडवे बसले. कानावर फूल तसंच होतं. धूर ओसरला.

“मी टाकलं होतं,” मग ते म्हणाले. “आज मी टाकलं होतं, बाई.”

त्यातलं ‘आज’ ऐकलं आणि मी त्यांच्याशेजारी खाली बसले. म्हणजे बाकीचे दिवस त्यांना माहीत होते. थेंब विसरल्याचं नसेल कळलं, पण काहीतरी निसटून राहिलंय आणि ते धरून ठेवायला हवं, हे कळत होतं. त्या सकाळी पळसाचा रंग जमला म्हणून त्यांनी सगळं बळ एकवटून थेंब टाकला होता आणि टाकला हे लक्षात ठेवायला भिंतीकडे पाहत बसले होते. त्या नजरेला मी रिकामी समजले.

“मांजर नोतंच,” ते म्हणाले.

“नव्हतं, मामाजी.”

“मंग दूध कोण पेत होतं?”

“मी.”

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांना हसू येत होतं. मला वाटलं आता हसतील, आणि हसले तर सगळं निभावेल. पण त्यांना पुढचं सुचलं. “थ्या निळ्या मुठी,” म्हणाले, “दर्यापूरच्या पाळण्याच्या. त्याले विरजण कोणाचं होतं?”

खोटं बोलायची माझी एवढी हिवाळाभराची तालीम, आणि ऐन वेळेला ‘तुमचं’ म्हणता आलं नाही. खरं म्हणजे मला माहीतही नव्हतं. कधी त्यांचं होतं, कधी माझं होतं. मी मोजलं नव्हतं.

मामाजी उठून खरादापाशी गेले. मोटरवरून चाकावर जाणारा चामडी पट्टा त्यांनी स्वतः उतरवला, पुसला, गुंडाळला आणि खुंटीला अडकवला. पटाश्यांना तेल लावून चिंधीत बांधल्या. पटाशी बांधताना हात कुठेही अडखळले नाहीत. मी रडत नव्हते, कारण ते समोर होते. संध्याकाळी हे आले, खुंटीवरचा पट्टा पाहिला. ह्यांना हवं तेच झालं होतं. पण हे जेवले नाहीत. पुढे दर रविवारी हे त्या बंद खरादाला तेल द्यायचे. कशाला, ते मी विचारलं नाही.

अमरावतीला पाळणा साध्या लाकडी मुठींचा गेला. पोरगी त्यातही झोपली. पोरींना रंगाचं काय कळतं तेव्हा.

ह्यानंतरचं सांगायला मला जड जातं. मामाजी ओट्यावर बसायला लागले, आणि विसरणं वाढलं. बाकीचं विसरले तसं तो दिवसही विसरले. ते चांगलं झालं असं कोणालाही वाटेल. पण मग सकाळी चहा झाला की बाह्या वर करून आत यायचे, खरादाकडे पाहायचे आणि विचारायचे, पट्टा काहून काढला? कोणी काढला? पहिल्यांदा मी खरं सांगितलं, मामाजी, तुम्हीच काढला. त्यांनी विचारलं, काहून? मी तेही सांगितलं. त्यांनी ते असं ऐकलं, जसं पहिल्यांदाच ऐकत आहेत. तोच चेहरा, तेच उकिडवं बसणं, तोच प्रश्न की मग निळ्या मुठींचं विरजण कोणाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बाह्या वर. हे मी किती सकाळी करणार? रोज त्यांचं तेच नव्यानं तुटायचं आणि मला ते रोज जुन्यासारखं बघावं लागायचं.

मग एक दिवस मी म्हटलं, “डबा यायचा आहे, मामाजी. मुंबईहून. डबा आल्याशिवाय काय लावणार?”

त्यांना ते एकदम पटलं. “हां,” म्हणाले. “डबा आला की चढवू पट्टा.” आणि खुशीत ओट्यावर जाऊन बसले. बसची वेळ झाली की रस्त्याकडे मान उंच करून बघायचे. आता ते गल्लीतल्या इतरांसारखे नुसते बसलेले नव्हते, वाट पाहत होते. संध्याकाळी आत येऊन विचारायचे, आज नाही आला? मी म्हणायचे, उद्या येईल. शेवटच्या त्या दोन वर्षांत आमच्या दोघांत एवढंच संभाषण उरलं होतं, पण ते आम्ही न चुकता करत होतो.

आणि डबा आला. खरोखरच आला. ह्यांच्या त्या दोस्तानं, न मागता, बसनं पाठवून दिला. नशिबानं मामाजी झोपले होते. मी तो गच्चीवर जुन्या पत्र्याखाली लपवला. डबा आला असं म्हटलं असतं तर पट्टा चढवावा लागला असता. सगळा उन्हाळा डबा तिथं तापत राहिला, मी विसरून गेले. पुढं पत्रा काढायची वेळ आली तेव्हा ह्यांनी डबा हलवला तर आतून आवाज नाही. कापून उघडला. आतली राळ आपली आपणच घट्ट होऊन बसली होती. एक मोठा, आरपार, मधाच्या रंगाचा गोळा, कुठंही तडा नाही. रंग नाही, थेंब नाही. अकोल्याच्या उन्हानं पिकवला होता.

हे तो खाली घेऊन आले तेव्हा मामाजी ओट्यावर होते, आणि ह्यांना लपवायचं सुचलं नाही. मामाजींनी दोन्ही हात पुढे केले. गोळा मांडीवर घेतला. वास घेतला. अंगठ्याचं नख मारलं. नख घसरलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता मला पूर्वीसारखी ‘बाई’ म्हणून हाक मारतील.

“मस्त लागली,” म्हणाले. “कोणी लावली?”

हे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, “कोणीच नाही, मामाजी. उन्हात आपोआप झाली.”

“बिना विरजणाची?”

“हो.”

त्यांनी गोळा उन्हाकडे धरला, त्यातून आमच्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. दात नव्हते, त्यामुळे ते हसणं लहान मुलासारखं सगळ्या तोंडभर पसरलं. “मंग एवढे दिवस,” म्हणाले, “माहं काय काम होतं अठी?”

ते विनोद म्हणून म्हणाले होते. त्यांनी विनोद केला की आमच्या घरात हसायची रीत होती, म्हणून मीही हसले. हे उठून आत गेले. मामाजींना हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली, पाणी दिलं. गोळा त्यांनी मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. मग रस्त्यावरून बस गेली, आणि त्यांनी मान उंच करून विचारलं, डबा आला का.

मी म्हटलं, उद्या.